नागभीडचे रूळ आणि घोडाझरीचा तलाव : दुष्काळाचे कारण कसे शोधले जाते?

१/
चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातले नागभीड रेल्वेच्या नकाशावर जंक्शन म्हणून ओळखले जाते. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारा मार्ग आणि नागपूरच्या इतवारीहून उमरेड, भिवापूर ओलांडून येणारा मार्ग येथे एकत्र येतात. याच तालुक्यात घोडाझरीचा तलाव आहे. रूळ आणि तलाव ही दोन्ही कामे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांतली. दोहोंमागे एकच प्रश्न उभा होता : दुष्काळात माणसे मरू नयेत, म्हणून सरकारने पैसा कशात घालावा?

२/
या प्रश्नावर सुमारे तीस वर्षे कडाक्याचा वाद झाला. एका बाजूला ब्रिटिश सरकार होते. दुसऱ्या बाजूला पुणे, सोलापूर आणि मुंबईचे भारतीय अर्थचिंतक. आकडे दोघांकडेही होते. तरी वाद मिटला नाही, कारण एका गोष्टीमागून दुसरी घडली एवढ्यावरून पहिलीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. पुढे शंभर वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी तेच जुने दप्तर पुन्हा उघडले. त्यांना काय सापडले आणि काय सापडू शकले नाही, याची ही कहाणी.

३/
आधी भूमी पाहू. तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्यातच मोडत असे. तो १९८२ मध्ये वेगळा झाला. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही हा पट्टा धानाचा. गोंड राजवटीपासून येथे तलाव बांधण्याची परंपरा होती आणि त्या कामात कोहळी समाजाचा मोठा हात होता. पुढे हेच तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. धानाला पेरणीच्या पावसाइतकाच परतीचा पाऊस लागतो. लोंबी भरण्याच्या वेळी पाणी नसेल, तर हिरवेगार दिसणारे शेतही पोचट निघते.

४/
१८९६ मध्ये मध्य प्रांतात नेमके हेच झाले : पाऊस वेळेआधी थांबला. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, मान्सूनच फसला. १८९१ च्या जनगणनेत चांदा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे ६ लाख भरली. हा आकडा भीषण आहे. माणसे किती कमी झाली एवढे तो सांगतो. का कमी झाली हे मात्र सांगत नाही. उपासमार, पटकी, ताप, स्थलांतर, घटलेले जन्म या साऱ्यांची बेरीज त्या एका वजाबाकीत दडलेली आहे.

५/
सरकारचे मत त्याआधीच ठरले होते. १८७६ ते ७८ च्या महादुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला आणि १८८० मध्ये त्याचा अहवाल आला. दुष्काळापासून संरक्षण हवे असेल तर देशात एकंदर सुमारे २० हजार मैल रेल्वे असावी, असे त्याने सुचवले. त्यामागचा विचार सरळ होता. देशात एकाच वेळी सगळीकडे पीक बुडत नाही. धान्य कोठे ना कोठे असतेच. अडचण असते ती वेळेवर पोहोचवण्याची.

६/
बैलगाडी दिवसाला जेमतेम वीस-तीस किलोमीटर चालते, आणि दुष्काळात बैलांनाच चारा-पाणी नसते. आजच्या अर्थशास्त्रज्ञाच्या पद्धतीने हा विचार बाणांच्या साखळीत मांडता येतो :
पाऊस बुडाला → पीक बुडाले → भाव चढले → गरिबाचे ताट रिकामे झाले → मृत्यू वाढले.
रेल्वे दुसऱ्या आणि तिसऱ्या दुव्याच्या मध्ये शिरते. बाहेरचे धान्य आले, की पीक बुडूनही भाव तितके चढत नाहीत. साखळी तेथेच सैल होते. कार्यकारणाचे प्रतिमान म्हणतात ते हेच : कोणता बाण कोठून निघतो आणि कोठे तोडता येतो, याचा स्पष्ट आराखडा.

७/
विरोधी बाजूला दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे यांच्या परंपरेतले अभ्यासक होते. त्यांत गणेश व्यंकटेश जोशी (१८५१ ते १९११) हे नाव आज फारसे कोणाच्या ओठी नसते. सोलापूरच्या शाळेचे हे मुख्याध्यापक सरकारी अहवालांतील आकडेवारीचे असाधारण जाणकार होते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी महसूल, शेती, रेल्वे यांवर विस्तृत लेख लिहिले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली आणि १९०२ पासून कायदे मंडळात अंदाजपत्रकावर गाजलेली भाषणे केली. त्यांच्या आकडेवारीच्या तयारीमागे जोशींचे मोठे साहाय्य होते.

८/
या मंडळींचे आक्षेप तीन प्रकारचे होते. एक : रेल्वे जशी धान्य आत आणते तशीच बाहेरही नेते. भाव बरा मिळतो म्हणून शेतकरी विकून मोकळा होतो आणि वाईट वर्षासाठी भरून ठेवलेली पेवे व कोठ्या रिकाम्या राहतात. दोन : रेल्वे कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती. तोटा झाला की भरपाई भारतीय करदात्याच्या खिशातून होत असे. तीन : हाच पैसा कालवे-तलावांत घातला असता तर पीक मुळात बुडालेच नसते. रेल्वेवरचा खर्च सिंचनावरील खर्चाच्या कित्येक पट होता, हे त्यांनी वारंवार दाखवून दिले.

९/
१९०० पर्यंत देशातील रेल्वे २० हजार मैलांच्या पुढे गेली होती. आयोगाचे उद्दिष्ट पुरे झाले होते, आणि नेमक्या त्याच वेळी शतकातील भयंकर दुष्काळांपैकी एक येऊन आदळला. टीकाकारांना वाटले, हा पुरावाच आहे : रेल्वे वाढली आणि दुष्काळही वाढले. सरकारचे उत्तर तयार होते : रेल्वे नसती तर याहून अधिक माणसे मेली असती. पहिले विधान डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीविषयी होते, दुसरे कधीच न घडलेल्या गोष्टीविषयी. म्हणून दुसरे कमकुवत वाटते. खरा प्रश्न मात्र त्या दुसऱ्या विधानातच होता.

१०/
पाऊस पडतो तेव्हा छत्र्या उघडलेल्या दिसतात. छत्र्यांमुळे पाऊस पडतो असे कोणी म्हणत नाही. एखाद्या उपायाचा परिणाम म्हणजे उपाय केल्यावरची स्थिती आणि तोच उपाय, त्याच जागी, त्याच वर्षी केला नसता तर असलेली स्थिती, यांतील अंतर. यांपैकी एकच स्थिती प्रत्यक्षात येते. दुसरी कायम अदृश्य राहते. आधुनिक अर्थशास्त्रातील कार्यकारणाचा सारा खटाटोप या अदृश्य स्थितीचा विश्वासार्ह अंदाज बांधण्यासाठी आहे.

११/
यासाठी सर्वांत सोपी युक्ती म्हणजे शेजारच्या गावाशी तुलना. चांदा जिल्ह्यात ती सहज सुचते. वर्धा-हिंगणघाटकडून आलेली रेल्वे १८७० च्या दशकात वरोऱ्याला पोहोचली. नागभीडला रूळ यायला १९०८ चा सुमार उजाडला, आणि तोही अडीच फुटी अरुंद मार्गाचा, बंगाल नागपूर रेल्वेच्या सातपुडा जाळ्याचा भाग म्हणून. म्हणजे सुमारे तीस वर्षे एकाच जिल्ह्यात एक तालुका रेल्वेचा आणि दुसरा बिनरेल्वेचा. मग १८९७ आणि १९०० मध्ये वरोऱ्याची स्थिती नागभीडहून बरी होती का, एवढे पाहिले की झाले?

१२/
नाही. वरोऱ्याला रेल्वे गेली ती कोळशासाठी. १८७१ मध्ये तेथे खाण सुरू झाली आणि १९०६ पर्यंत चालली. त्या खाणीने रेल्वे आणली आणि त्याच खाणीने मजुरीही दिली. बाणांच्या भाषेत :
कोळसा → रेल्वे
कोळसा → रोजगार
समजा, वरोऱ्याचा माणूस दुष्काळात तगला. त्याचे श्रेय रुळांचे की खाणीच्या पगाराचे? शिवाय वरोरा काळ्या मातीचा, कापूस-ज्वारीचा, नागभीड धानाचे. दोन्ही परिणामांना जन्म देणाऱ्या अशा मूळ कारणाला ‘सामायिक कारण’ म्हणतात. ते नजरेआड झाले की तुलना खोटी बोलते.

१३/
खोटे उलट्या दिशेनेही बोलले जाते. आयोगाच्या शिफारशीनंतर काही मार्ग मुद्दाम दुष्काळी मुलखात टाकले गेले. तेथे मुळातच उपासमार अधिक. असे जिल्हे आणि सुरक्षित, पाणथळ, बिनरेल्वेचे जिल्हे शेजारी ठेवले, तर रेल्वे असेल तेथे मृत्यू जास्त असा निष्कर्ष निघेल. दवाखान्यात आजारी माणसे जास्त दिसतात म्हणून दवाखाना आजार पसरवतो असे म्हणण्यासारखेच ते होईल. कोळशाच्या रेल्वेने फायदा फुगवून दाखवला असता, दुष्काळी रेल्वेने तो झाकला असता.

१४/
मग शेजारी सोडून त्याच गावाची आधीची आणि नंतरची स्थिती पाहावी? तेथे वेगळी अडचण येते. १८८० नंतर रेल्वेबरोबरच दुष्काळ संहिताही आल्या : काम कोणाला द्यावे, मजुरी किती, सारामाफी केव्हा, याचे लेखी नियम. १९०८ नंतर मोठे दुष्काळ विरळ झाले, हे खरे. पण रेल्वे, मदतकार्याचे नियम आणि पावसाची बरी वर्षे ही सारी एकाच काळात आली. एकाच रांगेत चाललेल्या या गोष्टींपैकी कोणामुळे काय झाले, हे आधी-नंतरच्या तुलनेतून उलगडत नाही.

१५/
यातून वाट काढणारी एक युक्ती एका डॉक्टरने लंडनमध्ये वापरली होती. १८५४ च्या पटकीच्या साथीत जॉन स्नो यांनी दोन पाणी कंपन्यांची तुलना केली. एकीने १८५२ मध्ये थेम्सचे पाणी वरच्या, स्वच्छ भागातून घ्यायला सुरुवात केली होती. दुसरी जुन्याच ठिकाणचे घाण पाणी पुरवत होती. स्नो यांनी १८४९ ची जुनी साथ आणि ही नवी साथ यांतील बदल दोन्ही कंपन्यांच्या भागांसाठी वेगवेगळा मोजला. जेथे पाणी बदलले तेथेच मृत्यू ओसरले. पातळ्यांपेक्षा बदलांची तुलना करणे, हे या पद्धतीचे मर्म. तिला ‘फरकांतील फरक’ म्हणता येईल.

१६/
हे चांद्यावर लावून पाहू. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब : धानाच्या एका तालुक्यात रूळ आले आणि दुष्काळी वर्षातली भाववाढ दुपटीवरून दीडपटीवर उतरली. शेजारच्या धानाच्याच, पण रूळ नसलेल्या तालुक्यात याच काळात ती दुपटीवरून पावणेदोन पटीवर आली. म्हणजे काही सुधारणा रेल्वेविनाही झाली, कदाचित दुष्काळ संहितेमुळे. ती वजा केल्यावर उरलेली पावपट रेल्वेची. अट एकच : रेल्वे नसती तर दोन्ही तालुक्यांचा कल सारखाच राहिला असता. ही अट कागदावर सिद्ध करता येत नाही, म्हणून तिला चारी बाजूंनी ठोकून पाहावे लागते.

१७/
हे काम सबंध भारतासाठी केले ते डेव्ह डोनाल्डसन या अर्थशास्त्रज्ञाने. ब्रिटिश काळातील जिल्हावार नोंदी, म्हणजे पीक, भाव, पाऊस, मालवाहतूक, आणि कोणता रूळ कोणत्या वर्षी उघडला याचा नकाशा त्याने एकत्र जुळवला. काळ १८७० ते १९३०. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे एवढ्यावर सुरू झालेले जाळे तोपर्यंत सुमारे ६७ हजार किलोमीटरांचे झाले होते. हा अभ्यास २०१८ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

१८/
त्यातली पहिली युक्ती मिठाची. रेल्वेमुळे वाहतूक किती स्वस्त झाली हे कसे मोजणार? भाड्याचे दर अपुरे पडतात. विलंब, नासाडी, चोरी, जोखीम हेही खर्चच आहेत. मीठ मात्र येथे मापाचे काम करते. सांभर सरोवराचे मीठ फक्त सांभरलाच तयार होते, कोहाटच्या खाणीचे फक्त कोहाटला. त्यामुळे दूरच्या बाजारातला सांभरी मिठाचा भाव आणि सांभरचा भाव यांतील अंतर म्हणजे ते मीठ तेथवर आणण्याचा खरा खर्च. सरकारी दप्तरांनी मिठाचे भाव जातवार लिहून ठेवले होते. कारकुनाच्या त्या कंटाळवाण्या नोंदी शंभर वर्षांनी अशा कामी आल्या.

१९/
निष्कर्ष काय? जिल्ह्यांतील भावांची तफावत रेल्वेमुळे घटली आणि व्यापार वाढला. ज्या जिल्ह्यात रेल्वे आली, तेथील शेतीचे खरे उत्पन्न सरासरी सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. पण येथेच वरोऱ्याची शंका पुन्हा डोके वर काढते : रेल्वे मुळातच वर येऊ घातलेल्या जिल्ह्यांत गेली असेल तर? मग हे १६ टक्के रुळांचे की त्या जिल्ह्यांच्या नशिबाचे?

२०/
यावरची कसोटी या अभ्यासातला सर्वांत सुंदर भाग आहे. डोनाल्डसनने कधीच न बांधलेले रूळ शोधले. सरकारने आखलेले, मोजणी केलेले, पण रद्द झालेले मार्ग. उदाहरणार्थ, व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांनी १८६८ मध्ये मोठा विस्तार आखला. दुसऱ्याच वर्षी मेयो आले आणि तो बेत बाजूला पडला. रेल्वे नशीबवान जिल्ह्यांतच आखली जात असेल, तर या कागदी रुळांच्या जिल्ह्यांतही उत्पन्न वाढलेले दिसायला हवे. तसे दिसले नाही. रूळ प्रत्यक्ष पडले तेथेच वाढ झाली.

२१/
मृत्यूंचे काय? रॉबिन बर्जेस यांच्यासह डोनाल्डसनने २०१० मध्ये दुष्काळ-काळातील जिल्हावार नोंदी तपासल्या. रेल्वे येण्यापूर्वी पाऊस कमी झाला की मृत्यू वाढत. रेल्वे आल्यावर हे नाते बरेच सैल झाले. म्हणजे १८८० च्या आयोगाने आखलेली साखळी ढोबळमानाने खरी होती, आणि रेल्वे ती तोडते हेही. सरकारचे विधान न तपासता केलेले असले तरी पोकळ नव्हते.

२२/
मग गणेश व्यंकटेश जोशी चुकले का? येथे घाई करणे हाच चुकीचा निष्कर्ष ठरेल. ‘रेल्वे आणि काहीच नाही’ या दोघांत रेल्वे बरी, हे या अभ्यासांनी दाखवले. जोशी-गोखल्यांचा मुख्य प्रश्न वेगळा होता : ‘रेल्वे आणि तेवढ्याच पैशांचे सिंचन’ यांत बरे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही. परिणाम नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. ती तुलना न सांगता ‘हा उपाय यशस्वी झाला’ म्हणणारा अहवाल अर्धेच वाक्य बोलतो.

२३/
सरासरीचाही प्रश्न उरतोच. पिकलेल्या भागातून धान्य बाहेर गेले की तेथे भाव चढतो. धान विकणाऱ्या मालगुजाराला तो लाभ; धान विकत घेणाऱ्या शेतमजुराला तोच तोटा. १६ टक्के ही जिल्ह्याची सरासरी आहे. त्यात रोवणीला जाणाऱ्या बाईचा वाटा किती, हे ती सांगत नाही. १९४३ मध्ये बंगालमध्ये रेल्वे होती, तरी लाखो माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवले की बाजारात धान्य असूनही ते विकत घेण्याची ताकद हरवली की दुष्काळ पडतो. रूळ धान्य आणतात, पैसे आणत नाहीत.

२४/
आणखी एक बाण साखळीत धरायला हवा. रुळांवरून धान्याबरोबर माणसे आली आणि माणसांबरोबर रोग. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांच्या प्रसारात रेल्वेचा वाटा होता. म्हणूनच तर स्थानकांवर प्रवाशांची तपासणी होई. भराव टाकल्याने अडलेले पाणी डासांना सोयीचे ठरे. एका उपायाचे बाण अनेक दिशांनी जातात. धोरण ठरवणाऱ्याने त्यांतील एकच पाहिला, तर हिशेब चुकतो.

२५/
जोशी-गोखल्यांच्या बाजूचे म्हणणे शेवटी काही अंशी ऐकले गेले. दोन दुष्काळांनंतर, १९०१ ते १९०३ या काळात, कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग बसला. त्यानंतर मध्य प्रांताच्या धानपट्ट्यात सरकारी तलावांची कामे हाती घेतली गेली. घोडाझरी हा त्या पर्वातला तलाव. साखळीच्या भाषेत सांगायचे तर रेल्वेने ‘पीक → भाव’ हा दुवा सैल केला आणि तलावाने त्याच्याही आधीचा, ‘पाऊस → पीक’ हा. नागभीडच्या परिसरात दोन्ही प्रतिमाने अशी शेजारी-शेजारी उभी राहिली.

२६/
त्यामुळेच नागभीडच्या एकट्या इतिहासातून रेल्वे आणि तलाव यांचे श्रेय वेगळे काढता येत नाही : दोन्ही जवळपास एकाच काळात आले. संशोधकाला शेकडो जिल्हे लागतात ते यासाठी. कोठे आधी रूळ आले, कोठे आधी पाणी, कोठे दोन्ही आणि कोठे काहीच नाही. हे वैविध्य असेल तेव्हाच एकाचा परिणाम दुसऱ्यापासून अलग करता येतो. एका गावाची कथा प्रश्न विचारायला शिकवते. उत्तरासाठी अनेक गावे लागतात.

२७/
तुलना आधीच आखून ठेवली तर काय साधते, हे याच जंगलपट्ट्याने पुढे जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून ३९ गावे घरोघरच्या नवजात-बालसेवेसाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी निवडली. आधी दोन वर्षे दोन्हीकडील मृत्यू मोजले, मग ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी सेवा सुरू केली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशेबाने ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरची नवजात-बालसेवा हे राष्ट्रीय धोरण झाले.

२८/
फरक कौशल्याचा नव्हता, क्रमाचा होता. गडचिरोलीत मोजणी आधी झाली आणि उपाय नंतर. रेल्वेच्या बाबतीत उपाय आधी झाला आणि मोजणी शंभर वर्षांनी, तीही मिठाच्या भावांसारख्या योगायोगाने उरलेल्या नोंदींवर. तोपर्यंत वाद घालणारे सारे हयातीबाहेर गेले होते आणि ज्यांच्यासाठी वाद होता, ते तर केव्हाच. धोरणाला उत्तर हवे असते ते निर्णयाच्या वेळी.

२९/
हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. इतवारी-नागभीड अरुंद मार्ग २०१९ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाला. पूर्वेला वडसा ते गडचिरोली हा नवा मार्ग हाती घेतला गेला. ही कामे झाली की विकासाचे दावे होतील आणि त्यांच्या उलट दावेही होतील. वरोऱ्याला कोळशाने रेल्वे आणली. गडचिरोलीच्या बाबतीत लोहखनिजाचे नाव घेतले जाते. मजुरी वाढली तर ती रुळांमुळे की खाणीमुळे, हा दीडशे वर्षांपूर्वीचा गुंता जसाच्या तसा पुन्हा उभा राहील.

३०/
तो सोडवायचा असेल तर गाडी धावण्यापूर्वीच्या नोंदी हव्यात : रोवणीची मजुरी, धानाचा भाव, कामासाठी बाहेर जाणारी कुटुंबे, हिवतापाचे रुग्ण. रूळ येणार त्या गावांच्या, आणि तशाच पण रूळ न येणाऱ्या गावांच्याही. सोलापूरच्या एका मुख्याध्यापकाने सरकारी अहवालांतून आकडा-आकडा वेचून साम्राज्याला विचारले होते : कशाच्या तुलनेत? त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्यांना मिळाले नाही, कारण हव्या त्या नोंदी कोणी ठेवल्याच नव्हत्या.

(समाप्त)